तीन अंशांचा प्रश्न

गोल्फच्या काठीला काठी म्हटलेले आमच्या मेहुण्यांना मुळीच खपत नाही. 'क्लब' म्हणावे, असा त्यांचा आग्रह. मी पडलो मराठीचा मास्तर. ज्याने चेंडू मारायचा ती काठीच, मग तिची किंमत आमच्या घरच्या फ्रिजएवढी का असेना, असे माझे म्हणणे. हा वाद आमच्यात गेली वीस वर्षे चालू आहे आणि दर दिवाळीला फराळाच्या ताटावर तो नव्याने होतो. पण गेल्या श्रावणात अशी वेळ आली की, त्या काठ्यांचा अभ्यास करण्यावाचून मला गत्यंतर उरले नाही.

झाले असे. एके दिवशी कॉलेजातून येऊन चहाला बसतो न बसतो तोच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "दादा मैदानावर जात नाहीये."

"पाऊस आहे, म्हणून जात नसतील."

"पावसात जाणारा माणूस आहे तो. महिना झाला, पिशवी कोपऱ्यात उभी आहे. कामवाल्या बाई सांगत होत्या. तुम्ही एकदा जाऊन या."

मेहुण्यांचे वय अडुसष्ट. एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून उभी हयात गेली. वहिनींना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. मुलगा परदेशी. आठवड्यातून चारदा पहाटे उठून मैदानावर जायचे, अठरा भोके पुरी करायची, मित्रांबरोबर आम्लेट खायचे आणि घरी येऊन वर्तमानपत्र वाचायचे, एवढाच काय तो त्यांचा दिनक्रम उरला होता. त्यातून मैदान वजा केले तर बाकी वर्तमानपत्र उरते. आणि नुसत्या वर्तमानपत्रावर माणसाने किती जगावे?

मी गेलो. पिशवी खरोखरच कोपऱ्यात होती, वर टॉवेल टाकलेला. इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्यावर ते आपण होऊनच म्हणाले, "प्रोफेसर, नाला ओलांडत नाही हो आता."

हा नाला म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. त्यांच्या मैदानावर एका भोकाला पहिला फटका मारल्यावर चेंडू जिथे पडतो, तिथून पुढे एक आडवा नाला आहे आणि नाल्याच्या लगेच पलीकडे ग्रीन, म्हणजे ती गालिच्यासारखी कापलेली हिरवळ. नाला पार व्हायचा तर चेंडू निदान दीडशे यार्ड हवेतून गेला पाहिजे. म्हणजे सुमारे १३७ मीटर. मेहुणे वर्षानुवर्षे तो आपल्या तीन नंबरच्या वुडने पार करीत. त्या वर्षी खांद्याची शस्त्रक्रिया झाली. खांदा बरा झाला, पण फटक्यातला जोर कमी झाला. चेंडू नाल्यात पडू लागला. एकदा पडला, दोनदा पडला. मग बरोबरच्या एका मित्राने सहज सुचवले की, अलीकडेच एक छोटा फटका मारून ठेवा आणि मग ओलांडा. सूचना शहाणपणाचीच होती. पण त्या दिवसापासून मेहुण्यांनी मैदान सोडले.

घरी आल्यावर सौभाग्यवतींना मी सांगितले, "नाल्याचा प्रश्न आहे." त्या म्हणाल्या, "मग सोडवा." एम.ए.ला भाषाशास्त्र घेतलेल्या माणसाला आजवर इतका अवघड पेपर कोणी घातला नव्हता.

अभ्यासाला बसलो आणि पहिल्याच पानावर मन रमले, कारण सुरुवात शब्दांनी झाली. गोल्फच्या लांब पल्ल्याच्या काठ्यांना अजूनही 'वुड' म्हणतात, पण त्यांत आता लाकडाचा अंशही नाही. एके काळी त्यांचे डोके पर्सिमन नावाच्या अमेरिकन झाडाच्या टणक लाकडाचे असे. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातले. ज्या टेंभुर्णीच्या पानांच्या विड्या वळतात तिच्या. म्हणजे साहेबाची गोल्फची काठी आणि चंद्रपूरकडच्या मजुराची विडी ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने भावकीच म्हणायची! १९७९ मध्ये टेलरमेड या कंपनीने धातूच्या डोक्याचा वुड बाजारात आणला आणि पुढच्या वीसएक वर्षांत लाकूड नाहीसे झाले. नाव तेवढे राहिले.

जुन्या काळी या वुडांना नंबर नव्हते, नावे होती. तळाला पितळेची पट्टी असे तो 'ब्रासी'. ज्याचे तोंड चमच्यासारखे किंचित खोलगट असे तो 'स्पून'; हाच आजचा तीन नंबर. त्याहून आखूड आणि चेंडू उंच उडवणारा तो 'बॅफी'. इतकी रसाळ नावे टाकून लोकांनी तीन, पाच, सात असे रुक्ष आकडे का घेतले, हे मला कळत नाही. पण ते असो.

या सगळ्या वुडांत खरा फरक असतो तो त्यांच्या तोंडाच्या झुकावाचा. त्याला लॉफ्ट म्हणतात आणि तो अंशांत मोजतात. तीन नंबरचा लॉफ्ट साधारण १५ अंश, पाच नंबरचा १८ किंवा १९, सात नंबरचा २१, नऊ नंबरचा २४. मधला चार नंबर साडेसोळा-सतराच्या घरात. हे फेअरवे वुड जमिनीवर पडलेल्या चेंडूला मारायचे असतात, खुंटीवर ठेवलेल्या नव्हे. आणि सगळी मेख तिथेच आहे.

मेहुण्यांचे गणित सरळ होते: लॉफ्ट जितका कमी तितका चेंडू पुढे जाणार, जितका जास्त तितका वर जाणार. तेव्हा लांब जायचे तर तीन नंबर. कोणालाही पटेल असेच हे गणित आहे, आणि जोरदार फटका मारणाऱ्या जवान खेळाडूच्या बाबतीत ते खरेही आहे. चुकते ते बाकीच्यांचे, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या नव्याण्णव जणांचे.

बागेला नळीने पाणी घालताना पाहा. नळी आडवी धरली तर पाणी पायाशीच पडते. जरा वर केली की लांब जाते. पाण्याचा जोर कमी असेल तर नळी आणखी वर करावी लागते. गोल्फच्या चेंडूत आणखी एक गोष्ट आहे. काठीचे तोंड मागे झुकलेले असल्यामुळे चेंडूला मार बसताच तो उलटा, म्हणजे मागच्या बाजूला, फिरू लागतो. या उलट्या फिरकीमुळे हवा त्याला खालून उचलून धरते. म्हणूनच गोल्फचा चेंडू फेकलेल्या दगडासारखा न पडता काही काळ तरंगल्यासारखा जातो. आता वेग भरपूर असेल तर थोडा लॉफ्टही पुरतो. पण वेगच कमी असेल तर कमी लॉफ्टच्या काठीने मारलेला चेंडू खालून निघतो, त्याला पुरेशी फिरकी मिळत नाही आणि हवेने उचलून धरण्याआधीच तो खाली येतो. मग जमिनीवरून घरंगळेल तेवढाच त्याचा लाभ. आणि श्रावणात, ओल्या जमिनीवर, चेंडू कुठला घरंगळतो? पडेल तिथे रुतून बसतो.

काठ्या बेतून देणारे जाणकार साधारण असा ठोकताळा देतात की, ज्याच्या ड्रायव्हरचा वेग ताशी ९० मैलांच्या आत आहे, त्याला जमिनीवरून तीन नंबरपेक्षा पाच नंबरच हवेतून जास्त लांब जातो. निदान तेवढाच जातो. सत्तरीच्या आसपासच्या बहुतेक माणसांचा वेग याच्या बराच आत असतो.

हे झाले लांबीचे. नेमकेपणाचा हिशेब तर याहून स्पष्ट आहे. पाच नंबरची दांडी तीन नंबरहून अर्धा-पाऊण इंच आखूड असते. आखूड दांडी ताब्यात राहते आणि चेंडू तोंडाच्या मध्यावर लागण्याचा संभव वाढतो. दुसरे असे की, तोंड जरासे वाकडे लागले तर चेंडू बाजूला वळतो; पण लॉफ्ट जास्त असेल तर उलटी फिरकी भरपूर असते आणि तिच्यापुढे त्या वाकडेपणाचे फार चालत नाही. लॉफ्ट कमी असेल तर तोच वाकडेपणा चेंडूला थेट झाडीत नेतो. तिसरे, उंचावरून उतरणारा चेंडू ग्रीनवर थांबतो. चपटा आलेला चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या वाळूत जातो.

चौथे कारण कुठल्याही कोष्टकात सापडत नाही, पण मला तेच सर्वांत मोठे वाटते. तीन नंबरचे तोंड वरून पाहिले की जवळजवळ उभे दिसते. ते पाहून मनाला धास्ती वाटते की, याने चेंडू उठेल कसा? मग माणूस नकळत तो चमच्याने उचलल्यासारखा उचलायला जातो आणि काठी चेंडूच्या डोक्यावर बसते. पाच नंबरचे झुकलेले तोंड दिसले की मन निर्धास्त होते आणि हात आपले काम नीट करतात. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलांचे नेमके हेच होताना मी पंचवीस वर्षे पाहत आलो आहे.

इतकी तयारी करून मी पुन्हा मेहुण्यांकडे गेलो. पदरी एक गोष्टही बांधून नेली होती, कारण आकडेमोडीने इंजिनिअर हरत नसतो.

गोष्ट १९३५ सालची, अमेरिकेतल्या ऑगस्टा मैदानावरची. जीन साराझेन नावाचा खेळाडू. इटलीहून आलेल्या एका सुताराचा मुलगा. पुढे मास्टर्स म्हणून गाजलेल्या त्या स्पर्धेचे ते दुसरेच वर्ष. शेवटचा दिवस. क्रेग वुड हा खेळाडू २८२ फटक्यांत खेळ संपवून आत जाऊन बसलेला. साराझेनची चार भोके उरलेली आणि तो तीन फटक्यांनी मागे. पंधराव्या भोकाला त्याचा चेंडू भोकापासून २३५ यार्डांवर गवतात जरा दबून बसला होता आणि ग्रीनच्या पुढ्यात पाणी होते. पिशवी वाहणारा कॅडी बरोबर होता. त्याला सगळे 'स्टोव्हपाइप' म्हणत. तीन नंबर घ्यावा की चार? अंतर पाहिले तर तीन नंबरच हवा. पण दबलेला चेंडू तीन नंबरने उठणार नाही, हे साराझेनने ओळखले. त्याने चार नंबर घेतला आणि सगळे बळ एकवटून मारला. चेंडू पाणी ओलांडून ग्रीनवर आला, घरंगळला आणि थेट भोकात गेला. पाच फटक्यांचे भोक दोन फटक्यांत! तीन फटक्यांची पिछाडी एका झटक्यात भरून निघाली. दुसऱ्या दिवशी दोघांचा छत्तीस भोकांचा फेरसामना झाला आणि साराझेनने तो पाच फटक्यांनी जिंकला. तिथल्या पाण्यावरच्या पुलाला १९५५ मध्ये त्याचे नाव दिले.

मेहुण्यांनी गोष्ट शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "प्रोफेसर, हे मला १९८५ पासून माहीत आहे. तो साराझेन होता. आणि त्याने तीन नंबर विकला नव्हता."

"विकायला कोण सांगतंय? एकदा मोजून तर पाहू."

मोजायला मात्र ते तयार झाले. मोजमापाला इंजिनिअर कधी नाही म्हणत नाही, हा माझा अनुभव.

शहरात आता बंद खोलीत गोल्फ खेळण्याची सोय झाली आहे. समोर मोठा पडदा, खाली हिरवी चटई आणि बाजूला एक छोटे यंत्र. चेंडू चार हात जाऊन पडद्यावर आपटतो आणि यंत्र सांगते की, तो बाहेर असता तर किती यार्ड गेला असता. मेहुण्यांनी आपल्या तीन नंबरने दहा चेंडू मारले, मग तिथल्या मुलाने दिलेल्या १८ अंशांच्या पाच नंबरने दहा. मी वहीत आकडे उतरवून घेत होतो.

तीन नंबरचा सर्वांत चांगला चेंडू हवेतून १६८ यार्ड गेला. तो पाहून मेहुण्यांनी माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की, आता काय म्हणता! पण त्याच तीन नंबरचा सर्वांत वाईट चेंडू ११० गेला होता आणि दहांची सरासरी आली १४८. पाच नंबरचा एकही चेंडू १६८ पर्यंत पोचला नाही. सर्वांत लांब गेला तो १६३. पण सर्वांत आखूड होता तोही १४८, आणि सरासरी १५६.

नाला दीडशेचा. १४८ म्हणजे पाण्यात आणि १५६ म्हणजे कोरड्यात. वहीतले आकडे ते बराच वेळ पाहत राहिले. स्वतःच्या हाताने बेरीज पुन्हा केली, भागाकार पुन्हा केला. मला वाटले, पेपर सुटला.

परतताना रिक्षात ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीन नंबर हिने दिलाय. रिटायर झालो त्या दिवशी. दुकानात एकटी गेली होती. दुकानदाराला म्हणाली, सर्वांत लांब जाणारा द्या." थोडे थांबून म्हणाले, "वरची टोपीसुद्धा तिनंच विणलीय."

ती लोकरीची टोपी मी कितीदा पाहिली होती: निळी, वर गोंडा आणि पुढे पांढऱ्या लोकरीत विणलेला तीनचा आकडा. मी तिला थंडीचा सरंजाम समजत आलो होतो. त्या रिक्षात लॉफ्टबद्दल बोलण्यासारखे माझ्यापाशी काही उरले नाही.

त्यानंतर पंधरा दिवस मी तो विषय काढला नाही. सौभाग्यवतींना मात्र सगळे सांगितले. त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "पण पिशवीत एकच काठी ठेवायची असा नियम आहे का?"

पाहा, विद्वत्तेने जिथे डोके आपटले तिथे व्यवहार कसा बाजूच्या दाराने आत जातो! नियम आहे तो चौदा काठ्यांचा. अमेरिकेत तो १९३८ पासून आहे. चौदांत दोन वुड सहज मावतात. फक्त बाहेर काय काढायचे, एवढेच ठरवायचे.

यासाठी नंबर सोडून अंश पाहावे लागतात, कारण नंबर हल्ली फार खोटे बोलतात. पन्नास वर्षांपूर्वी सात नंबरच्या लोखंडी काठीचा लॉफ्ट ३५-३६ अंश असे. आता पुष्कळ कंपन्या ३० च्या आसपास देतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, पाहा, आमचा सात नंबर किती लांब जातो! तेव्हा नवा वुड घेताना आपल्या सर्वांत लांबच्या आयर्नचा लॉफ्ट किती, ड्रायव्हरचा किती, आणि मधली जागा किती रिकामी आहे, ते पाहावे. दोन काठ्यांत दहा-पंधरा यार्डांचे अंतर पडले नाही तर त्यांतली एक नुसती ओझ्याची. काही वुडांची मान किल्लीने फिरवून लॉफ्ट अंश-दीड अंश वाढवता येतो, पण त्याबरोबर तोंडही थोडे आत वळते. ज्याचा चेंडू आधीच डावीकडे जातो त्या उजव्या माणसाने तो उद्योग जपून करावा.

मेहुण्यांच्या पिशवीत तीन नंबरचे एक आयर्न होते. मी विचारले, "हे शेवटचं कधी चाललं?" ते म्हणाले, "चाललंय कुठे? ते आपलं असतं." ऑगस्टावरच १९७६ मध्ये रेमंड फ्लॉइडने एक नंबरचे आयर्न घरी ठेवून पिशवीत पाच नंबरचा वुड घातला, तो तिथली लांब भोके डोळ्यांपुढे ठेवून. त्या भोकांवर उंच उडून अलगद थांबणारा चेंडू हवा होता. चार दिवसांत त्या लांब भोकांवर त्याने चौदा फटके वाचवले आणि स्पर्धा आठ फटक्यांनी जिंकली. ही गोष्ट सांगितल्यावर मेहुणे हसले. महिन्यानंतर पहिल्यांदा.

"आणि पाच नंबर म्हणजे म्हाताऱ्यांची काठी, त्याचं काय?" त्यांनी विचारले. पोटातले खरे दुखणे आता ओठावर आले.

मी त्यांना ७ ऑगस्ट २०२१ ची सकाळ आठवून दिली. टोकियो ऑलिंपिकचा तो शनिवार. ज्या घरांत गोल्फचा ग कोणाला ठाऊक नव्हता, त्या घरांतही माणसे टीव्हीपुढे बसली होती, कारण बेंगळुरूची अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर उभी होती. तिच्याबरोबरच्या बाया लोखंडी काठ्यांनी जे अंतर गाठत, तिथे अदितीला वुड आणि हायब्रिड काढावे लागत. लांब मारण्यात ती त्या मेळ्यात फार मागे होती. पिशवी घेऊन तिची आई चालत होती. एका फटक्याने पदक हुकले, ती चौथी आली. त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्याचे सुवर्णपदक आणले आणि सकाळची हळहळ देश विसरला. पण त्या चार दिवसांत अदितीचे वुडचे फटके ग्रीनवर येऊन कसे थांबत होते, ते मेहुण्यांना आमच्याहून जास्त आठवत होते. त्यावर ती म्हातारी होती का, एवढेच मी विचारले. शिवाय १९९५ ची अमेरिकन ओपन कोरी पेव्हिनने शेवटच्या भोकाला चार नंबरच्या वुडने चेंडू भोकाजवळ पाच फुटांवर आणून जिंकली. तोही आखूड मारणाऱ्यांतलाच. त्यानंतरचा तो पाच फुटांचा पट त्याने चुकवला, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांना ते माहीत होते.

दसऱ्याला पाच नंबर आला. १८ अंशांचा. तीन नंबरचे आयर्न माळ्यावर गेले. तीन नंबरचा वुड पिशवीत आपल्या जागी राहिला. खुंटीवर ठेवलेल्या चेंडूला तो अजून उत्तम चालतो, कारण खुंटीने चेंडू आधीच उचलून धरलेला असतो.

पुढच्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर चालत गेलो. नाल्यापाशी चेंडू ओल्या गवतात पडला होता. मेहुण्यांचा हात सवयीने निळ्या टोपीकडे गेला. त्यांचा कॅडी वीस वर्षांचा जुना माणूस, त्याने पिशवी जरा फिरवून धरली आणि म्हणाला, "साहेब, पाच घ्या."

मेहुण्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग नाल्याकडे. पाच घेतला. फटका काही फार जोराचा वाटला नाही, आवाजही साधाच झाला. चेंडू मात्र चांगला उंच गेला, नाल्यावर बराच वेळ राहिलासा वाटला आणि ग्रीनवर पडून दोन उड्यांत थांबला. कॅडीने काही न बोलता पाच नंबरचे तोंड टॉवेलने पुसले आणि तो पिशवीत ठेवला.

ग्रीनवर त्यांनी तीन पट घेतले, हे मी घरी सांगितले नाही. नवीन वुडबरोबर दुकानातून काळ्या रेक्झिनची टोपी आली होती. ती पोलिसाच्या बुटासारखी दिसते, असे मेहुण्यांचे मत पडले. सौभाग्यवतींनी निळी लोकर आणून सुया काढल्या. पाडव्यापर्यंत टोपी पुरी झाली, गोंडाही झाला. फक्त पाचाचा आकडा विणताना उलटा आला. उसवून पुन्हा विणते म्हणाल्या, तर मेहुणे म्हणाले, "राहू दे. प्रोफेसरला वाचता येतो तेवढं पुरे."